निष्ठा खेळाडूने दाखवायची, करार मालकाने मोडायचा

मायका पार्सन्स डॅलस सोडून ग्रीन बेला गेला आणि अमेरिकन फुटबॉलमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. २८ ऑगस्ट २०२५ रोजी, हंगाम आठवड्यावर आलेला असताना, डॅलस काउबॉइजने आपला सर्वांत भेदक बचावपटू ग्रीन बे पॅकर्सला देऊन टाकला. बदल्यात पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क (महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) आणि केनी क्लार्क हा मुरलेला खेळाडू घेतला. पॅकर्सने पार्सन्सशी चार वर्षांचा १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला, त्यातले १२ कोटी सही होताक्षणीच हमीचे. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा चढाईचा सूत्रधार, वगळता कुणालाही तोवर इतका पैसा मिळाला नव्हता. डॅलसच्या फ्रिस्को-प्लेनो उपनगरांतल्या मराठी घरांतसुद्धा, जिथे एरवी क्रिकेटखेरीज कशावर आवाज चढत नाही, लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पोरगा हावरट, खाल्ल्या मिठाला जागला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, मालक जेरी जोन्स हेकट म्हातारा, एजंटला बाजूला सारून थेट पोराशी बोलला आणि वर ‘आमचं ठरलं होतं’ म्हणत बसला. पुढे डिसेंबरात डेन्व्हरच्या सामन्यात पार्सन्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तेव्हा पहिल्या तटाला स्फुरण चढलं. बघा, वेळीच विकला ते बरं झालं!

दोन्ही तट स्वभावांवर भांडताहेत. हावरट कोण, हेकट कोण, सौद्यात कुणी कुणाला गुंडाळलं. माझ्या मते खरा प्रश्न करार कुणाला बांधतो हा आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला करार खेळाडूला शेवटच्या दिवसापर्यंत बांधून ठेवतो आणि संघाला जवळजवळ कधीही मोकळा होऊ देतो. हे एकतर्फी बंधन आहे तोवर निष्ठेच्या गप्पा ऐकण्यात अर्थ नाही. जितक्या वर्षांची सही, तितक्या वर्षांच्या पूर्ण पगाराची हमी असायला हवी आणि करार संपलेल्या खेळाडूला आणखी वर्षभर अडकवणारी ‘फ्रँचाइज टॅग’ नावाची बेडी रद्द व्हायला हवी. ही मागणी अतिरेकी वाटत असेल, तर आज काय चालतं ते आधी पाहावं लागेल.

दर मार्च महिन्यात फ्री एजन्सीचा, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार उघडतो आणि डोळे फिरवणारे आकडे मथळ्यांत येतात. त्यातले बरेचसे आकडे केवळ मथळ्यापुरते असतात. पाच वर्षांच्या करारात पहिल्या दोन वर्षांचे पैसे खरे आणि पुढच्या तीन वर्षांचे संघाच्या मर्जीवर, ही सर्वसाधारण रीत. नोव्हेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टनने क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅबशी पाच वर्षांचा ७ कोटी ८० लाखांचा करार केला म्हणून केवढा गाजावाजा झाला. त्यात नव्याने मिळालेली हमी होती जेमतेम ३५-४० लाखांची. महिन्याभरात त्याला बाकावर बसवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात मिनेसोटाला रवाना केलं. उरलेले सात कोटी कुठे गेले? कुठेच नाही, कारण ते नव्हतेच. पण गल्लीतला माणूस अजूनही म्हणतो की त्याला ७८ मिलियन मिळाले. खेळाडूंच्या हावरटपणाची दंतकथा अशा न दिलेल्या पैशांवरच उभी आहे.

आता निष्ठा. काउबॉइजच्या चाहत्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा. डिमार्कस वेअर हा त्यांच्या इतिहासातला सर्वाधिक सॅक घेणारा, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणारा खेळाडू, ११७ सॅक. मार्च २०१४ मध्ये, करार शिल्लक असताना, पगाराचा आकडा जड झाला म्हणून संघाने त्याला काढून टाकलं. तो डेन्व्हरला गेला आणि तिथे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्याआधी एमिट स्मिथ. ऑक्टोबर २००२ मध्ये धावण्याचा सार्वकालिक विक्रम त्याने डॅलसच्या जर्सीत मोडला आणि पुढच्याच फेब्रुवारीत डॅलसने त्याला निरोप दिला. तेव्हा जोन्स यांना कुणी बेइमान म्हटलं नाही. त्याला ‘व्यवहार’ म्हणाले. मालकांच्या निष्ठेचा कळस पाहायचा तर बाल्टिमोरला जावं. मार्च १९८४ च्या एका रात्री कोल्ट्सचं सगळं बिऱ्हाड सामान वाहणाऱ्या ट्रकांत भरून इंडियानापोलिसला गेलं, गाव सकाळी उठलं तेव्हा संघ नव्हता. अकरा वर्षांनी आर्ट मॉडेल यांनी क्लीव्हलंडचा संघ उचलून नेला, तोही बाल्टिमोरला! रेडर्सनी तर ओकलंड, लॉस एंजेलिस, पुन्हा ओकलंड आणि मग लास व्हेगस अशी वारीच केली. अख्खं गाव सोडून जाणाऱ्या मालकांच्या या खेळात एका पंचविशीतल्या पोराने गाव सोडलं तर ती गद्दारी?

(आपण हसायचं कारण नाही. २०१० मध्ये रवींद्र जडेजाने मुंबई इंडियन्सशी परस्पर बोलणी केली म्हणून आयपीएलने त्याला हंगामभर बाहेर बसवलं होतं. एकविशीतल्या पोराने चांगली नोकरी शोधली, एवढाच गुन्हा. तेव्हा आपल्यापैकी किती जणांना त्यात काही खटकलं?)

‘मालकांना दोष देऊ नका, खेळ टिकावा म्हणून हे नियम आहेत,’ हा युक्तिवाद साठ वर्षं जुना आहे, आणि तो प्रत्येक वेळी खोटा ठरला आहे. १९६३ मध्ये लीगचे प्रमुख, कमिशनर पीट रोझेल यांनी नियम केला की करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला तर त्या संघाने पहिल्याला भरपाई द्यायची, आणि ती किती ते कमिशनर ठरवणार. उद्या आपल्याकडून काय मागून घेतील हे ठाऊक नसताना कोण कशाला खेळाडू घेईल? कागदावर मोकळा असलेला खेळाडू प्रत्यक्षात खुंटीला टांगलेला राहिला. बाल्टिमोरचा खेळाडू जॉन मॅकी या नियमाविरुद्ध न्यायालयात गेला आणि १९७६ मध्ये जिंकला. बेसबॉलमध्ये कर्ट फ्लडने तोच लढा आधी दिला होता. १९६९ मध्ये सेंट लुइसने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला धाडलं, तेव्हा मी विकण्या-विकत घेण्याची वस्तू नाही असं त्याने कमिशनरना लिहून कळवलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. तो १९७२ मध्ये हरला आणि त्याची कारकीर्द त्यात संपली. गलेलठ्ठ पगाराचा गुलामही गुलामच, असं तो म्हणाला होता. ही उपमा मला स्वतःला पटत नाही. माणसांच्या खऱ्या खरेदी-विक्रीचा इतिहास असलेल्या देशात ती एक कृष्णवर्णीय खेळाडू उच्चारतो तेव्हा तिच्यातला दाह कळतो, पण आजच्या कोट्यधीशांनी ती वापरू नये. अन्याय दाखवायला साधा करारही पुरतो.

मॅकी जिंकला तरी फुटबॉलच्या मालकांनी तडजोडीतून बेडी वेगळ्या नावाने परत आणली. १९८७ मध्ये खेळाडूंनी मुक्त बाजारासाठी संप केला. मालकांनी मिळतील ती माणसं उभी करून सामने चालू ठेवले आणि संप २४ दिवसांत कोसळला. डॅलसचे टोनी डॉर्सेट आणि रँडी व्हाइट, सॅन फ्रान्सिस्कोचा जो मोंटाना, असे बडे तारे संप मोडून मैदानात उतरले. त्या काळातलं एक वाक्य डॅलसचे अध्यक्ष टेक्स श्रॅम यांच्या नावावर सांगितलं जातं. खेळाडूंच्या नेत्याला ते म्हणाले म्हणे, तुम्ही गुरं आहात, आम्ही गुरांचे मालक, आणि मालकाला गुरं कधीही मिळतात. बोलले असतील किंवा नसतील, वागले मात्र तसेच. शेवटी १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने फ्रीमन मॅकनील खटल्यात मालकांविरुद्ध कौल दिला, रेजी व्हाइटच्या नावाने आणखी एक दावा उभा राहिला, आणि १९९३ मध्ये मालकांनी हात टेकून फ्री एजन्सी मान्य केली.

त्या वेळची भाकितं आठवण्यासारखी आहेत. आता न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, डॅलस सगळे तारे पळवतील, लहान गावं मरतील. मोकळा झालेला पहिला महारथी होता रेजी व्हाइट, त्या काळचा सर्वश्रेष्ठ बचावपटू. सगळा देश फिरून, पाहुणचार घेऊन तो कुठे गेला? ग्रीन बेला! विस्कॉन्सिनमधलं लाखभर वस्तीचं गाव, थंडी हाडं फोडणारी, आणि २५ वर्षांत विजेतेपदाचं तोंड न पाहिलेला संघ. चार वर्षं, १ कोटी ७० लाख डॉलर. जानेवारी १९९७ मध्ये त्याच गावाने सुपर बोल जिंकला आणि अंतिम सामन्यात व्हाइटने तीन सॅक घेतले. व्हाइट आल्यानंतर बत्तीस वर्षांनी पार्सन्सही त्याच गावात पोचला. लीगमधला हा एकमेव संघ कुणा अब्जाधीशाचा नाही, लाखो भागधारकांचा आहे. मुक्त बाजार लहान गावाला गिळतो या भाकिताचं याहून धडधडीत खंडन मला सुचत नाही.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातले तीन खरोखर वजनदार आहेत.

पहिला मुद्दा टॅगचा. संघाने ड्राफ्टमध्ये निवडलेला, घडवलेला खेळाडू चार-पाच वर्षांत उडून गेला तर घडवायचा कशाला? म्हणून टॅग: साधारण त्या जागेवरच्या अव्वल पाच पगारांच्या सरासरीइतकी रक्कम द्या आणि त्याला आणखी एक वर्ष ठेवून घ्या. ऐकायला वाजवी आहे. पण समतोल राखायचं काम टॅग करतच नाही. ते काम टीव्हीच्या पैशाची समान वाटणी करते, जी १९६० च्या दशकापासून चालू आहे, आणि १९९४ पासूनची वेतनमर्यादा करते. १९९४ मध्ये ती संघामागे ३ कोटी ४६ लाख होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. डॅलसला ग्रीन बेपेक्षा एक डॉलरही जास्त मर्यादा नाही. टॅग फक्त एवढंच करतो की ज्या एका वर्षी खेळाडूची किंमत सर्वोच्च असते, नेमक्या त्याच वर्षी त्याला बाजाराबाहेर ठेवतो. लेव्हियन बेलने २०१८ मध्ये पिट्सबर्गचा दुसरा टॅग झिडकारला आणि अख्खा हंगाम, जवळजवळ १ कोटी ४५ लाख डॉलर, सोडून दिला. पुन्हा तो पूर्वीचा बेल कधी दिसला नाही. सेक्वॉन बार्कलीला न्यूयॉर्क जायंट्सनी २०२३ मध्ये टॅग लावला आणि पुढच्या वर्षी सोडून दिलं. तो शेजारच्या फिलाडेल्फियाला ३ कोटी ७७ लाखांत गेला, त्या हंगामात २००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. जायंट्सच्या चाहत्यांनी त्यालाच गद्दार म्हटलं. ज्याला घरच्यांनी योग्य भाव नाकारला, तो शेजाऱ्याने दिलेला भाव घेतो, यात गद्दारी कसली?

दुसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे आणि टीव्हीवरचे विश्लेषक तो नीट मांडतसुद्धा नाहीत, म्हणून मीच मांडतो. हा खेळ हाडं मोडणारा आहे, संघात ५३ माणसं असतात, बास्केटबॉलसारखी पंधरा नव्हेत. वेतनमर्यादेमुळे एकूण पैसा ठरलेला; २०२० च्या सामूहिक कराराने खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या निदान ४८ टक्के आहे. म्हणजे जायबंदी खेळाडूला दिलेली हमी मालकाच्या खिशातून जात नाही, दुसऱ्या खेळाडूच्या ताटातून जाते. शिवाय डेशॉन वॉटसनचं उदाहरण समोर आहेच. वीसहून जास्त स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावलेले असताना क्लीव्हलंडने २०२२ मध्ये पहिल्या फेरीचे तीन हक्क देऊन त्याला आणलं आणि पाच वर्षांचे २३ कोटी, पै न पै हमीचे, कबूल केले. मग ११ सामन्यांची बंदी, खांदा, घोट्यामागची शीर. संघ आजतागायत त्या ओझ्याखाली आहे. हवी अशी हमी?

हो, हवी. वॉटसन प्रकरणाने हमी वाईट ठरत नाही, मालकाचा विवेक वाईट ठरतो. कुणी त्यांच्या हाताला धरून सही करून घेतली नव्हती. कर्क कझिन्सला २०१८ मध्ये मिनेसोटाने तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख पूर्ण हमीने दिले. आकाश कोसळलं नाही, उलट पुढे त्याच संघाने करार वाढवला. हमी आली की करार आखूड होतील आणि आकडे उतरतील. उतरू देत की! पाच वर्षांचे खोटे दहा कोटी जाऊन तीन वर्षांचे खरे पाच कोटी आले तर खेळाडूचं काय बिघडलं? आणि एकूण पैसा ठरलेलाच असेल, हमीने मालकाला एक दमडी जास्त पडत नसेल, तर मालक तिला एवढे घाबरतात का? वॉटसनच्या करारानंतर लगेच, मार्च २०२२ च्या मालकांच्या बैठकीत, लीगच्या व्यवस्थापन मंडळाने संघांना हमी कमी करायला उत्तेजन दिलं, असा निष्कर्ष लवाद क्रिस्टोफर ड्रोनी यांनी जानेवारी २०२५ मध्ये काढला. संघांनी प्रत्यक्षात संगनमत केल्याचा पुरेसा पुरावा नाही, असंही त्यांनी म्हटलं, तेही नोंदवायला हवं. पण उत्तेजन दिलं कशासाठी? पैशासाठी नव्हे, हे विरोधकांच्याच हिशेबाने सिद्ध होतं. उरतं ते नियंत्रण. ज्याला उद्या सकाळी काढता येतं तो दुखणं लपवून खेळतो. डोकं गरगरत असताना ‘मी ठीक आहे’ म्हणतो, कारण त्याची जागा घ्यायला दुसरा कडेला उभाच असतो. जॉन मॅकीला, ज्याने रोझेल नियम मोडून काढला, उतारवयात स्मृतिभ्रंश झाला. त्याच्या उपचारांचा खर्च घरच्यांना पेलेना, तेव्हा लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी अशा माजी खेळाडूंसाठी निधी काढला आणि त्याला मॅकीच्या जर्सीचा ८८ हा आकडा दिला. २०११ मध्ये तो गेला. हाडं मोडणारा खेळ आहे म्हणून हमी नको, हा तर्क मला उलटा वाटतो. खाणीत छत कोसळतं म्हणून कामगाराला विमा नको, असं कोण म्हणेल?

म्हणूनच पार्सन्सच्या गुडघ्यावरून होणारा आनंद मला समजत नाही. बारा कोटींची हमी नसती तर तो गुडघा कुणाच्या हिशेबात धरला असता? डॅलसमध्ये तो पहिल्याच कराराच्या पाचव्या वर्षावर, साधारण २ कोटी ४० लाखांवर, खेळत राहिला असता. तिथे हीच दुखापत झाली असती तर आयुष्यभराची कमाई एका झटक्यात अर्ध्यावर आली असती, आणि ते नुकसान त्याने एकट्याने सोसलं असतं. ऑगस्टमध्ये तो ज्या भीतीने अडून बसला होता ते डिसेंबरात घडलं. ज्याचं भाकीत खरं ठरलं त्यालाच हावरट म्हणायचं?

तिसरा मुद्दा: त्यांनीच तर सही केली. खेळाडू संघटनेने मतदान घेऊन २०२० चा करार स्वीकारला, आता रड कशाला? मतदान झालं हे खरं. १०१९ बाजूने, ९५९ विरुद्ध. साठ मतांचा फरक. आणि मत देणारे कोण होते ते पाहा. संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची आहे (लीग हा आकडा मानत नाही), तर पूर्ण मोकळं व्हायला चार हंगाम लागतात. २०११ पासून ड्राफ्टमधून येणाऱ्या प्रत्येक पोराचा पहिला करार चार वर्षांचा, रक्कम जवळपास आधीच ठरलेली. सरळ अर्थ असा की ज्या बाजाराच्या नावाने मार्चमध्ये जल्लोष होतो, त्याच्या दारापर्यंत बहुतेक खेळाडू पोचतच नाहीत. गिरणगावात ‘बदली’ कामगार असायचा, रोज पाळीच्या वेळी गेटवर उभा, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. प्रत्येक संघाच्या सरावपथकातली सोळा माणसं त्याच जातीची. पगार त्यांचा त्याच्यापेक्षा अफाट जास्त, पण आठवडी, आणि कुठल्याही मंगळवारी बंद. अशा माणसाला विचारा, तीस वर्षांच्या ताऱ्याची हमी हवी की पुढच्या वर्षी थोडी वाढलेली किमान मजुरी? तो वाढ घेणार, आणि मी त्याला दोष देणार नाही. पण त्या मताला ‘स्वेच्छेने दिलेली संमती’ म्हणणं म्हणजे पोटाला चिमटा लावून घेतलेल्या सहीचा गौरव करणं आहे.

यात संघटनाही धुतल्या तांदळासारखी नाही. ड्रोनी यांचा निकाल लीगसाठी लाजिरवाणा होता, तरी संघटनेच्या नेतृत्वाने तो आपल्याच सभासदांना न दाखवता दडवून ठेवला. जून २०२५ मध्ये एका पत्रकाराने तो बाहेर काढला, आणि पुढच्याच महिन्यात संघटनेचे प्रमुख लॉइड हॉवेल पायउतार झाले. मालकांशी लढायला निघालेल्यांनी मालकांचंच गुपित जपावं, याला काय म्हणावं?

सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. मालकांना त्याआधीच अठरावा सामना हवा आहे, कमिशनर रॉजर गुडेल ते उघड बोलतात. सतरावा सामना २०२१ मध्ये आला तेव्हा खेळाडूंनी तो टक्केवारीतल्या एका अंशावर आणि किमान वेतनावर सोडला. या वेळी किंमत वेगळी लावता येईल: अठराव्या सामन्याच्या बदल्यात सर्व करारांना पूर्ण हमी आणि टॅग बंद. जुन्या काळी मालक दिवाळखोरीत निघायचे म्हणून हमीची पुढच्या वर्षांची रक्कम आगाऊ वेगळी काढून ठेवायचा नियम झाला, तोच पुढे करून मालक आजही हमी टाळतात. टीव्हीचे अकरा वर्षांचे १०० अब्ज डॉलरहून मोठे करार खिशात असताना ही सबब चालवून घेऊ नये. त्यासाठी संपाची तयारी लागेल, आणि संप म्हटला की १९८७ आठवतं: सरावपथकातला पोरगा बाहेर उभा आणि तारे आत. या वेळी आधी ताऱ्यांनी बाहेर यायला हवं. पार्सन्सकडे आता हमीचे बारा कोटी आहेत. एक हंगाम घरी बसणं त्याला परवडतं, सरावपथकातल्या पोराला नाही.